विद्युत् मंडल सदृशीकरणाची संगणक साधने

विद्युत् मंडल प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी त्यातील निरनिराळ्या ठिकाणचे विद्युत् दाब व प्रवाह गणिताने काढून त्याचे वर्तन संगणकावर अजमावण्याच्या पद्धतीस मंडल सदृशीकरण म्हणतात. प्रचारात यास सिम्युलेशन हाच शब्द रूढ आहे. सदोष मंडल जोडून पाहण्यात घटक जळतात, वेळ जातो आणि संकलित मंडलाच्या बाबतीत तर चूक दुरुस्त करताच येत नाही. यामुळे इलेक्ट्रॉनीय अभिकल्पात सदृशीकरण ही अपरिहार्य पायरी झाली आहे. त्यासाठी कोणता संगणक घ्यावा हा प्रश्न वरवर केवळ खरेदीचा वाटतो. परंतु कोणाला मंडल रचता यावे आणि कोणी ते फक्त पुस्तकात पाहावे, हे पुष्कळ अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिले आहे. महाराष्ट्रात या साधनांचा इतिहास मुंबईतील मोजक्या मोठ्या यंत्रांपासून सुरू होतो आणि मिरज-सांगलीसारख्या, राजधानीपासून दूर असलेल्या ठिकाणच्या साध्या प्रयोगशाळांपर्यंत येऊन पोहोचतो.

गणिताचे स्वरूप : जी. आर्. किरखोफ (१८२४–८७) या जर्मन भौतिकीविज्ञांनी १८४५ मध्ये मांडलेल्या नियमांनुसार कोणत्याही संधिबिंदूपाशी येणाऱ्या व तेथून जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज समान असते आणि कोणत्याही बंद वाटेवरील विद्युत् दाबांची बैजिक बेरीज शून्य असते. मंडलात जितके संधिबिंदू असतील साधारणपणे तितकी एकसमयी समीकरणे या नियमांवरून मिळतात. केवळ रोधकांच्या मंडलात ही समीकरणे एकघाती असतात. डायोड व ट्रँझिस्टर आले की ती अरेषीय होतात आणि न्यूटन-रॅफसन पद्धतीने अंदाज टप्प्याटप्प्याने सुधारून सोडवावी लागतात. मंडलात धारित्रे व प्रवर्तक वेटोळी असल्यास काळाचे सूक्ष्म टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर ही सर्व क्रिया पुन्हा करावी लागते.

कामाचा व्याप पुढील उदाहरणावरून लक्षात येईल. १०० ट्रँझिस्टरांच्या मंडलाचे वर्तन दहा लाख कालटप्प्यांत पाहावयाचे आहे आणि प्रत्येक टप्प्यास सरासरी तीन आवर्तने लागतात असे धरले, तर ट्रँझिस्टराची समीकरणे ३० कोटी वेळा मांडावी लागतात. दर वेळी सुमारे एक हजार अंकगणिती क्रिया धरल्यास सेकंदाला दहा लाख क्रिया करणाऱ्या यंत्रास या कामी जवळजवळ साडेतीन दिवस लागतील. सेकंदाला शंभर कोटी क्रिया करणाऱ्या यंत्रास पाच मिनिटे पुरतील.

या गणिताची आणखी दोन वैशिष्ट्ये साधनाच्या निवडीत महत्त्वाची ठरतात. पहिले म्हणजे त्यातील आव्यूह विरल असतो. मंडलातील एखादा संधिबिंदू थोड्याच शेजारी बिंदूंना जोडलेला असल्यामुळे आव्यूहातील बहुतेक स्थाने शून्य असतात. एक हजार संधिबिंदूंच्या आव्यूहात दहा लाख स्थाने असतात. पण प्रत्येक ओळीत पाचच शून्येतर संख्या असल्या, तर प्रारंभी केवळ पाच हजार संख्या साठवाव्या लागतात. दुसरे म्हणजे संख्यांचा पल्ला फार मोठा असतो. एकाच मंडलात काही अँपिअर प्रवाह आणि त्याच्या कोट्यंशाहूनही कितीतरी लहान असा डायोडातील गळती प्रवाह असू शकतो. सात दशांश अंकांपर्यंत अचूक असलेल्या अंकगणिताने अशा मंडलाचे उत्तर भरकटते. चौदा ते सोळा अंकांची अचूकता लागते.

प्रारंभीची साधने : अंकीय संगणक येण्यापूर्वी मंडलाचे वर्तन दुसऱ्या मंडलावरच अजमावीत. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९२९ मध्ये विद्युत् पुरवठा जालाची लहान प्रमाणावरील प्रतिकृती करून तीवर दाब व प्रवाह मोजण्याची सोय करण्यात आली. भारतात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्र कुमार मित्र यांनी १९५३ मध्ये दहा चलांची एकघाती समीकरणे सोडविणारा सदृश संगणक तयार केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर्. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली प्रथम एक प्रायोगिक यंत्र व नंतर १९६० मध्ये पूर्ण आकाराचा अंकीय संगणक उभारण्यात आला. १९६२ मध्ये त्यास टिफ्रॅक हे नाव देण्यात आले.

टिफ्रॅकच्या फेराइट गाभा स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. मंडल गणिताच्या दृष्टीने हे माप पाहिल्यास त्या काळची मर्यादा स्पष्ट होते. ४० समीकरणांचा पूर्ण आव्यूह एका शब्दास एक संख्या याप्रमाणे साठविला, तर १,६०० शब्द खर्ची पडतात आणि आज्ञावली, मध्यंतरीच्या संख्या व उत्तरे या सर्वांसाठी ४४८ शब्द उरतात. विरल आव्यूहाच्या पद्धती विकसित होण्यापूर्वी चाळीस संधिबिंदूंचे मंडलही देशातील अग्रगण्य यंत्राची कसोटी पाहणारे ठरले असते.

सामायिक यंत्रांचा काळ : १९६४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. डी. सी. ३६०० हा ४८ बिटी शब्दांचा अमेरिकन संगणक बसविण्यात आला आणि देशभरातील संशोधन संस्था व विद्यापीठे यांना तो उपलब्ध करून देण्यात आला. सोव्हिएट साहाय्याने १९५८ मध्ये स्थापन झालेल्या पवई येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत याच दशकात मिन्स्क-२ हा रशियन संगणक आला व १९७० नंतरच्या दशकात त्याची जागा ई. सी. १०३० या संगणकाने घेतली. परकीय चलनाची टंचाई, आयात परवाने आणि जबर सीमाशुल्क यांमुळे या काळात यंत्राची निवड ही वस्तुतः एखाद्या संस्थेच्या हातची गोष्ट नव्हती. जे यंत्र मदतीतून वा करारातून आले, त्यावर काम भागवावे लागे.

या व्यवस्थेत गणनेचा वेग पुरेसा असला, तरी उत्तर हाती येण्यास विलंब होई. मंडलाचे वर्णन छिद्रित कार्डांवर उतरवून त्यांचा गठ्ठा यंत्रकक्षात द्यावयाचा, आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे आणि छापील उत्तर घेऊन परतावयाचे, असा क्रम असे. एका कार्डावर एक चूक राहिली, तरी सर्व प्रक्रिया पुन्हा करावी लागे. मंडल रचणारा एका उत्तरावरून फारसे शिकत नाही; रोधकाचे मूल्य बदलून, धारित्र वाढवून, पुन्हा पुन्हा पाहण्यातून त्याला मंडलाची जाण येते. सामायिक यंत्राने मोठी गणिते सुटली. परंतु अशी जाण येण्यास लागणारी पुनरावृत्ती यंत्राजवळ राहणाऱ्या थोड्यांनाच साधली.

स्पाइसचा उदय : आय्. बी. एम्. कंपनीने १९६५ च्या सुमारास ईकॅप ही मंडल विश्लेषणाची आज्ञावली आय्. बी. एम्. १६२० या तुलनेने लहान संगणकासाठी उपलब्ध केली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आर्. ए. रोहरर यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गातील प्रकल्प म्हणून लिहिलेल्या आज्ञावलीतून कॅन्सर (१९७१) ही अरेषीय मंडलांची आज्ञावली तयार झाली. तीवरून एल्. डब्ल्यू. नेगल यांनी डी. ओ. पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली स्पाइस ही आज्ञावली सिद्ध केली. ती १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिची दुसरी, अधिक समर्थ आवृत्ती १९७५ मध्ये निघाली. तीत विरल आव्यूहांच्या पद्धतीचा व आवश्यकतेनुसार कालटप्पा लहानमोठा करण्याच्या युक्तीचा उपयोग केलेला आहे.

स्पाइसचा विकास सी. डी. सी. ६४०० या ६० बिटी शब्दांच्या यंत्रावर झाला. त्यामुळे तिला लागणारी अचूकता एकाच शब्दात मिळत असे. ३२ बिटी शब्दांच्या यंत्रांवर ती नेताना मात्र प्रत्येक संख्येसाठी दोन शब्द योजावे लागले. संगणकाची किंमत व वेग यांपेक्षा त्याचे अंकगणित किती अचूक आहे हे प्रथम पाहावे, हा धडा येथे मिळाला. बर्कली विद्यापीठाने आज्ञावलीची मूळ संहिता इतरांना खुली ठेवली, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची होय. पुढील काळातील बहुतेक मंडल सदृशीकरण आज्ञावली, विनामूल्य असोत वा विक्रीच्या, स्पाइसच्याच वंशातील अथवा तिच्या पद्धतींवर आधारलेल्या आहेत.

वैयक्तिक संगणक : १९८१ मध्ये आय्. बी. एम्. कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला आणि १९८४ मध्ये पी-स्पाइस ही त्यावर चालणारी स्पाइसची आवृत्ती निघाली. या संगणकातील मुख्य प्रक्रियक केवळ पूर्णांकांचे गणित थेट करू शकत असे. अपूर्णांकांचे गणित लांबलचक आज्ञांनी करावे लागल्याने सदृशीकरण अत्यंत मंद होई. इंटेल कंपनीने १९८० मध्ये तयार केलेला ८०८७ हा गणिती सहप्रक्रियक बसविल्यावर हेच काम कित्येक पटींनी जलद होऊ लागले. हा सहप्रक्रियक स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागे. पत्रव्यवहार व हिशेब यांसाठी त्याची गरज नसल्याने पुष्कळ संगणकांत त्याची जागा रिकामीच असे. १९८९ च्या ८०४८६ डीएक्स प्रक्रियकात तो अंतर्भूत झाला. परंतु १९९१ मध्ये आलेल्या, किंमतीने कमी असलेल्या एसएक्स प्रकारात तो उपलब्ध नव्हता. नावाने जवळजवळ सारखे असलेले दोन संगणक कार्यालयीन कामात सारखेच भासत, तर मंडल सदृशीकरणात त्यांच्यात मोठे अंतर पडे.

नोव्हेंबर १९८४ मध्ये भारत सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयातीवरील निर्बंध व शुल्क सैल केले. आयात केलेले सुटे भाग देशात जुळवून वैयक्तिक संगणक विकणाऱ्या कंपन्या वाढल्या. १९९१ नंतरचे आर्थिक उदारीकरण आणि १९९७ मध्ये भारताने स्वीकारलेला माहिती तंत्रविद्येविषयीचा जागतिक व्यापार करार यांमुळे किंमती आणखी उतरल्या. यंत्र निवडण्याचा अधिकार यामुळे प्रथमच जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाकडे आला. यंत्रे हाताशी आली, पण आज्ञावलींचे परवाने महागच राहिले. मंडलाचा आकार मर्यादित ठेवणाऱ्या विनामूल्य विद्यार्थी आवृत्त्यांवर बहुतेकांनी काम चालविले.

समांतर संगणन : प्रगत महासंगणक भारतास विकण्याबाबत अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये परम ८००० हा संगणक तयार झाला. ट्रान्सप्यूटर या तुलनेने स्वस्त प्रक्रियकांची मोठी संख्या एकत्र जोडून महागड्या एका यंत्राची बरोबरी साधावयाची, हे त्याचे तत्त्व होते. द्रव्यांचे प्रवाह, हवामान इ. गणितांत क्षेत्राचे समान तुकडे पाडता येतात व तेथे हे तत्त्व चांगले लागू पडते. एकाच मंडलाच्या सदृशीकरणात मात्र त्याला मर्यादा येतात. ट्रँझिस्टरांची समीकरणे स्वतंत्रपणे मांडता येतात. पण विरल आव्यूह सोडविण्याच्या पायऱ्या एकमेकींवर अवलंबून असतात आणि पुढचा कालटप्पा मागच्या टप्प्याचे उत्तर आल्यावाचून सुरू होत नाही. घटकांची मूल्ये वा तापमान बदलून तेच मंडल शेकडो वेळा तपासावयाचे असेल, तर प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रक्रियकाकडे सोपवून समांतरतेचा पूर्ण लाभ घेता येतो.

मुक्त आज्ञावली : पवई येथील संस्थेत महेश पाटील व त्यांचे सहकारी यांनी सीक्वेल ही मंडल सदृशीकरणाची आज्ञावली विकसित केली व ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध केली. शक्ति-इलेक्ट्रॉनिकीतील, म्हणजे मोठे विद्युत् प्रवाह नियंत्रित करणाऱ्या, मंडलांसाठी ती विशेष उपयुक्त आहे. याच संस्थेतील फॉसी प्रकल्पात, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानाच्या साहाय्याने, ऑस्कॅड ही आज्ञावली तयार झाली. पुढे तिचे नाव ई-सिम असे झाले. मंडलाची आकृती काढण्यासाठी कायकॅड, सदृशीकरणासाठी बर्कलीच्या स्पाइसवरून विकसित झालेली एन्‌जी-स्पाइस आणि अंकीय मंडलांसाठी जी. एच्. डी. एल्. या मुक्त आज्ञावली तीत एकत्र गुंफल्या आहेत. संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमाने मुक्त आज्ञावलींची ध्वनिचित्र पाठमाला मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केली. परवान्याचा खर्च नाहीसा झाल्यावर तेवढी रक्कम यंत्रांसाठी उरते. म्हणून स्वस्त यंत्राच्या निवडीचा विचार आज्ञावलीच्या निवडीपासून सुरू करणे सयुक्तिक ठरते.

मिरज-सांगली परिसर व निवडीचे निकष : मिरज व सांगली यांच्या दरम्यान विश्रामबाग येथे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १९४७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेस १९५५ मध्ये उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव देण्यात आले. जवळच किर्लोस्करवाडी (१९१०) येथे पंपांच्या निर्मितीची जुनी परंपरा आहे आणि कृष्णाकाठची बागायती शेती विद्युत् पंपांवर चालते. पंपाच्या चलित्राचे नियंत्रण, विद्युत् दाबातील चढउतारांपासून संरक्षण, सौर विजेचे रूपांतर यांसारखी मंडले हा या भागातील विद्यार्थ्यांचा व लहान उद्योजकांचा स्वाभाविक विषय होय. अशी मंडले काही डझन ते काही शेकडा घटकांची असतात. त्यांच्या सदृशीकरणास महासंगणक लागत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांतील सामान्य संगणकही पुरतो, मात्र त्याची निवड गणिताच्या स्वरूपास अनुसरून व्हावी लागते.

पहिला निकष एका गाभ्याच्या वेगाचा आहे. वर सांगितलेल्या कारणांमुळे थोडे पण जलद गाभे असलेला प्रक्रियक पुष्कळ मंद गाभे असलेल्या प्रक्रियकापेक्षा एका मंडलाचे उत्तर लवकर देतो. विरल आव्यूहातील संख्या स्मृतीत विखुरलेल्या असल्याने प्रक्रियकालगतची शीघ्र स्मृती, म्हणजे कॅश, मोठी असणे हितावह असते. मुख्य स्मृती ८ गिगाबाइट असल्यास शैक्षणिक कामे होतात, १६ गिगाबाइट असल्यास मोकळीक मिळते. महागडे ग्राफिक्स कार्ड ई-सिमसारख्या आज्ञावलीस उपयोगी पडत नाही. तो खर्च टाळून मोठा पडदा घेणे अधिक फायद्याचे, कारण मंडलाची आकृती व तरंगरूपे शेजारीशेजारी पाहावी लागतात.

साठवणीचा निकष अनेकदा दुर्लक्षित राहतो. एक हजार ठिकाणचे दाब व प्रवाह दहा लाख कालटप्प्यांसाठी प्रत्येकी आठ बाइटांनी साठविल्यास ८०० कोटी बाइट, म्हणजे सुमारे ८ गिगाबाइट, जागा लागते. निवडक वीस ठिकाणचीच नोंद ठेवल्यास १६ कोटी बाइट पुरतात. विचारपूर्वक नोंद ठेवणाऱ्या वापरकर्त्यास लहान यंत्रही पुरते. जुन्या यंत्रातील फिरत्या चकतीच्या जागी एस्. एस्. डी. बसविणे व स्मृती वाढविणे हा नवे यंत्र घेण्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चाचा उपाय आहे. मोठ्या कार्यालयांनी बदलून टाकलेले संगणक दुरुस्तीनंतर अल्प किंमतीत मिळतात व लिनक्स प्रणालीवर ते या कामी उत्तम चालतात. २०१२ मध्ये निघालेल्या रास्पबेरी पाय या हातात मावणाऱ्या संगणकावरही एन्‌जी-स्पाइस चालते. लहान मंडलांच्या अभ्यासास तो उपयोगी पडतो, दीर्घ सदृशीकरणास मात्र अपुरा ठरतो.

स्थानिक परिस्थितीचाही विचार आवश्यक असतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या ग्रामीण व निमशहरी भागांत तीव्र भारनियमन होते. तासन् तास चाललेले सदृशीकरण वीज जाताच वाया जाई. विजेरीवर चालणारा लॅपटॉप किंवा अखंड वीजपुरवठ्याची जोड यांचा खर्च यंत्राच्या किंमतीतच धरावा लागतो. कृष्णेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर या परिसरात यंत्रे तळमजल्यावर न ठेवणे हाही निवडीचाच भाग मानला पाहिजे.

सद्यःस्थिती : संकलित मंडलांच्या औद्योगिक अभिकल्पासाठी लागणाऱ्या आज्ञावलींचे परवाने आजही सामान्य संस्थेच्या आवाक्याबाहेर आहेत. केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमात बंगळुरू येथील सी-डॅकच्या चिपइन केंद्रामार्फत अशा आज्ञावली देशातील संस्थांना दुरून वापरण्यास देण्यात येतात. एका ठिकाणचे समर्थ साधन अनेकांनी वापरावे ही १९६४ मधील कल्पनाच येथे जालाच्या द्वारे पुन्हा अवतरली आहे. तथापि आता मिरजेच्या विद्यार्थ्यास कार्डांचा गठ्ठा पाठवून उत्तराची वाट पाहावी लागत नाही. लहान मंडल तो आपल्या टेबलावरील साध्या यंत्रावर दिवसातून वीस वेळा बदलून पाहू शकतो आणि मोठे मंडल दूरच्या यंत्राकडे सोपवू शकतो. या दोहोंपैकी पहिली सोय नसेल, तर दुसरीचा उपयोग करण्याइतकी तयारी होत नाही. म्हणून मर्यादित निधीत एक अतिशय समर्थ यंत्र घेण्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्यास येतील इतकी साधी यंत्रे घेणे, हे धोरण शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरते.